अस्वलापासून शिध्याचे रक्षण

शिंक्यावरचे लोणी मांजराच्या हाती लागत नाही, हा आपल्या घरोघरचा अनुभव. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात पायी हिंडणारे प्रवासीही पूर्वी हीच युक्ती करीत. रात्री शिध्याची पिशवी झाडाच्या फांदीस टांगून ठेवीत. परंतु तेथे गाठ होती काळ्या अस्वलाशी. ते झाडावर चढते, दोर तोडते, आणि फांदी बारीक असली तर पिल्लू पुढे सरकते! अखेर शिधा कठीण डब्यात घालून तो खुशाल जमिनीवर ठेवावा, असा उपाय निघाला.

हा डबा जाड प्लॅस्टिकचा, नळकांड्यासारखा व गुळगुळीत असतो. त्यास कडी नाही, कान नाही, कोपरा नाही. तो अस्वलाच्या जबड्यात मावत नाही. दहा-अकरा लिटरांचा असा डबा रिकामाच सव्वा किलोच्या आसपास भरतो.

हे धूड हॅवरसॅकमध्ये घालावे कसे, हीच खरी अडचण. नवखा प्रवासी ते मागच्या बाजूस बाहेर लटकावतो. मग चढणीवर कोणी मागे ओढीत असल्याचा भास होतो, आणि सायंकाळी खांदे भरून येतात. भरलेली घागर कडेवर अंगालगत घेऊन बाई कोसभर जाते; तीच हात लांब करून धरली तर दहा पावलेही जाववत नाही. येथेही तरफेचा तोच नियम. म्हणून तळाशी झोपण्याची पिशवी घालावी, तिच्यावर डबा उभा व पाठीला लागून ठेवावा, आणि भोवतालच्या पोकळीत कपडे कोंबावेत. पोकळी राहिली तर डबा पावलागणिक हलतो व पाठीस टोचतो.

साबण आणि दंतमंजनही रात्री डब्यातच जातात, कारण अस्वलास वास तेवढा पुरे. डबा तंबूपासून सुमारे ३० मीटर दूर, कडा व ओढा टाळून ठेवावा. त्यास दोरी मात्र बांधू नये. ती म्हणजे अस्वलास ओढून नेण्यासाठी आयतीच मूठ.

एवढा खटाटोप केवळ शिध्यासाठी नव्हे. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९८ साली अस्वलांच्या उपद्रवाचे दीड हजारांहून अधिक प्रसंग नोंदले गेले. माणसाच्या अन्नाची चटक लागली की अस्वलाची भीड चेपते, आणि धोकादायक ठरलेल्या अस्वलास शेवटी मारावे लागते. शिधा गेला तर प्रवाशास एक दिवस उपास घडतो. अस्वलाचे मात्र प्राण जातात. म्हणूनच त्या उद्यानाच्या अरण्यभागात मुक्काम करणाऱ्यास असा डबा नेणे आता सक्तीचे आहे.

तरीही अस्वलाची बुद्धी सामान्य समजू नये. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतात कानांत पिवळे बिल्ले लावलेली एक मादी होती. एका प्रकारच्या डब्याची कळ दातांनी दाबून झाकण फिरविण्याची कला तिने साधली. कारखानदाराने कळ सुधारली. तीही तिने उघडली. २०१२ साली एका शिकाऱ्याने तिला मारले.