लॅपटॉप तापला? आधी वजाबाकी करा

सबमिशनचे दिवस आले की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास तापतात, वॉर्डन आणि लॅपटॉप. पहिल्यावर माझ्याकडे इलाज नाही. दुसऱ्याबद्दल थोडं सांगतो.

गेल्या सेमिस्टरला माझा लॅपटॉप नेहमीपेक्षा जास्त तापू लागला. प्रोजेक्टचं सिम्युलेशन पूर्वी २५ मिनिटांत व्हायचं, त्याला ३५ लागायला लागली. रिपोर्टला सहा दिवस उरलेले. रूम पार्टनर म्हणाला, "व्हायरस आहे, फॉरमॅट मार." दुकानदाराने तर न उघडताच मदरबोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. घरी पैसे मागायचे कसे, या विचारात दोन रात्री गेल्या. मग आठवलं, हे गणित तर आपण हीट ट्रान्सफरमध्ये सोडवलंय!

प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान, अधिक वॅट गुणिले उष्णतारोध. रोध म्हणजे दर वॅटमागे किती अंश चढतात ते. समजा प्रोसेसर २५ वॅट घेतोय आणि रोध २ आहे, तर तो खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापणार. थंडीत खोली २२ वर असेल तर ७२. मे महिन्यात खोली ४० वर गेली की तेच काम करताना ९०. यात बिघडलं काहीच नाही. (पंख्याचा वेग बदलला की रोधही बदलतो, पण अंदाजाला एवढं पुरे.) म्हणून नुसता आकडा बघून घाबरायचं नाही, आधी खोलीचं तापमान वजा करायचं.

तरी फरक जास्तच येत असेल तर वॅट बघा. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि वॅट दोन्ही दिसतात. काही काम चालू नसताना वॅट चढलेले असतील तर टास्क मॅनेजर उघडा, चोर आतच सापडेल.

माझ्याकडे उलटंच दिसलं. तापमान ९८, खोली २८, वॅट फक्त १४! म्हणजे रोध ७० भागिले १४, ५. मर्यादा जवळ आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणून वॅट उतरलेले आणि काम रेंगाळलेलं. पंखा जोरात ओरडत होता, पण बाजूच्या जाळीतून हवा जेमतेम येत होती. इथेच कळलं.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिनही काढली. पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधोमध धुळीचा चक्क नमदा बसला होता. बाहेरून तो दिसतच नाही. पाती बोटाने धरून ब्रशने साफ केलं (पाती न धरता हवा मारली तर पंखा भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो). वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी चौकशी करा. पेस्टला हातही लावला नाही. सिम्युलेशन पुन्हा २६ मिनिटांवर आलं. दोष माझाच होता, वर्षभर गादीवर ठेवून सिनेमे बघितले. खालची हवेची जाळी गादीत बुजते आणि कापसाचे तंतूही आत ओढले जातात.

एक गोष्ट मात्र गणितात बसत नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा व्हायवा उद्या असला तरी चार्जिंग लगेच बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका, टोचू तर अजिबात नका, ती पेट घेऊ शकते. फाइल्सची कॉपी आधीच पेनड्राइव्हवर असू द्या, आणि लॅपटॉप बंद करून थेट सर्व्हिस सेंटरला न्या.