कणकेचा डबा टाकू नकोस गं

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला. ‘ताई, उद्यापासून घरात गहू बंद, दूध बंद, साखर बंद. कणकेचा डबा वॉचमनकाकांना देऊन टाकते.’ अगं, थांब जरा. कणकेचा डबा जागच्या जागी राहू दे. तू आधी बस, घोटभर पाणी पी आणि माझं ऐक.

लेकराचं ऑटिझमचं निदान होऊन तीनच आठवडे झालेत. या तीन आठवड्यांत तू किती रात्री फोनवर वाचत जागलीस ते तुझ्या मेसेजच्या वेळांवरून मला कळतंय. मीही अशीच जागले होते. आणि खरं सांगू का, जे तू उद्या करणार आहेस ते मी बारा वर्षांपूर्वी केलंय. माझा मुलगा निनाद तेव्हा चार वर्षांचा होता. चारच गोष्टी खायचा: दूध-पोळी, दही-भात, एका विशिष्ट पुड्यातली बिस्किटं आणि केळं. कुणीतरी सांगितलं, गहू आणि दूध बंद करा, महिन्याभरात मूल बोलायला लागेल. मी एका सोमवारी सकाळी सगळं एकदम बंद केलं. त्याच्या चारांपैकी तीन गोष्टी एका रात्रीत ताटातून गेल्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही बघ. मी त्याच्यापुढे नाचणीचं धिरडं ठेवायची, तो ताट ढकलून द्यायचा, मी रडायची. दीड महिन्यात त्याचं वजन दोन किलोंनी उतरलं. केळंसुद्धा सोडलं त्याने, कारण मी त्यात पावडर कालवायला लागले होते आणि ते त्याला पहिल्याच घासाला समजलं. ती चूक मला आजही टोचते, म्हणून तुला आधीच अडवतेय.

गहू-दूध बंद करण्याची ही कल्पना आली कुठून, तेही ऐक. १९७९ मध्ये याक पांकसेप नावाच्या मेंदू-शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला की ऑटिझममध्ये मेंदूतली अफूसारखं काम करणारी नैसर्गिक द्रव्यं जास्त प्रमाणात असावीत. पुढे इतरांनी त्याला जोड दिली: गव्हातलं ग्लूटेन आणि दुधातलं केसीन अर्धवट पचलं की त्याचे तसेच तुकडे होतात, ते आतड्यातून रक्तात झिरपतात आणि मेंदूवर परिणाम करतात. ऐकायला इतकं पटतं ना! माझ्यासारखी बीएस्सी झालेली बाईसुद्धा मान डोलावते. पण पटणं वेगळं आणि तपासून खरं ठरणं वेगळं.

तपासलं कसं ते मला फार आवडतं. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षांची चौदा मुलं घेतली. सगळ्यांना आधी काही आठवडे कडक पथ्यावर ठेवलं, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मग त्यांना अधूनमधून असा खाऊ दिला की कधी त्यात गहू लपवलेला, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. आज कुठला खाऊ होता हे आईला माहीत नाही, थेरपिस्टला नाही, तपासणाऱ्यालाही नाही. वागणं, झोप, शी, सगळं टिपून ठेवलं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला: फरक नाही. चौदाच मुलं होती, हे मी लपवत नाही. पण इतक्या काटेकोर चाचणीत काहीच दिसू नये, यावरून मला तरी कळायचं ते कळलं.

‘मग त्या अमक्याच्या मुलीला फरक पडला तो कसा?’ हे तू विचारणारच. अगं, निनादच्या बाबतीत मलाही फरक दिसला होता! दुसऱ्या महिन्यात तो ‘पाणी’ म्हणाला. मी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की पथ्य लागू पडलं. त्याच महिन्यात त्याची स्पीच थेरपी सुरू झाली होती, हे मला तेव्हा आठवलंच नाही. आणि सहाव्या महिन्यात हिंगाच्या डबीवर वाचलं, घटक: गव्हाचं पीठ. म्हणजे रोजच्या फोडणीत गहू पडतच होता. तूही बघ, आपल्याकडच्या बहुतेक बांधानी हिंगात असतो.

आपण खोटं बोलत नाही गं, आपण आशेने बघतो. १९९९ मध्ये सिक्रेटिन नावाच्या पचनाशी संबंधित संप्रेरकाची अशीच मोठी हवा होती. साठ मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना खरं इंजेक्शन, निम्म्यांना मिठाचं पाणी. दोन्ही गटांतली मुलं जवळपास सारखीच सुधारली. औषधाचा उपयोग दिसला नाही असं सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले, आम्हाला ते अजून हवंय. मला त्या आईबापांचा राग येत नाही. त्यांना मिठी मारावीशी वाटते.

आता तू विचारलेला दुसरा प्रश्न. ‘गरोदरपणात मी नीट खाल्लं नाही, म्हणून झालं का?’ बाई माझे, इकडे बघ. आईला दोष द्यायची ही जुनी खोड आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून ऑटिझम या निदानाची सुरुवात झाली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं आयांना ऐकवलं गेलं की तुम्ही थंड, मायेने कोरड्या, म्हणून मूल असं. बर्नार्ड रिमलँड नावाचा एक बाप, ज्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता आणि जो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९६४ मध्ये पुस्तक लिहून ठासून सांगितलं की हे मेंदूच्या जडणघडणीतलं आहे, आईच्या मायेचा इथे काही संबंध नाही. १९७७ मध्ये जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. अगदी एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांमध्ये दोघंही ऑटिस्टिक निघाले. वेगवेगळ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांमध्ये एकाही जोडीत दोघं नाहीत. आणि २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या नोंदी पाहून निघालेला अंदाज असा, की मुलामुलांत या बाबतीत जो फरक दिसतो त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग जनुकांशी जोडलेला आहे.

हे सासूबाईंना सांगशील तेव्हा जपून सांग. ‘आमच्या घराण्यात कुणी नाही हो’ असं त्या म्हणतील. जनुकं म्हणजे कुणाच्या घराण्याकडे बोट दाखवणं नव्हे. शेकडो जनुकांचे बारीक बारीक भाग असतात, थोडे इकडचे, थोडे तिकडचे, आणि काही बदल तर आईबापांत नसलेले, बाळातच नव्याने झालेले.

फॉलिक ॲसिडचं वाचून तू घाबरली आहेस, तेही मला माहीत आहे. नॉर्वेत ८५,१७६ मुलांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये आला. ज्या आयांनी गर्भ राहण्याच्या आसपास गोळ्या घेतल्या त्यांच्या मुलांत हजारी एक, ज्यांनी नाही घेतल्या त्यांच्यात हजारी दोन. बघ, हिशेब कर. गोळी चुकवलेल्या हजार आयांपैकी नऊशे अठ्ठ्याण्णव जणींच्या मुलांमध्ये ते निदान झालं नाही. शिवाय गोळ्या वेळेवर घेणाऱ्या बायकांचं बाकीचं राहणीमानही वेगळं असतं, म्हणजे सगळं श्रेय गोळीलाच देता येत नाही. पुढच्या बाळंतपणासाठी गोळी जरूर घे, ती बाळाच्या पाठीच्या कण्याचे दोष टाळण्यासाठी लागतेच. पण मागचं उकरून स्वतःला शिक्षा करू नकोस.

आणि आतड्यातल्या जंतूंमुळे ऑटिझम होतो असं सध्या जे सगळीकडे चाललंय, त्यात मला सगळ्यात पटलेला अभ्यास ऑस्ट्रेलियाचा आहे, २०२१ चा. २४७ मुलांची शी तपासली. ऑटिझमशी जंतूंचा थेट संबंध फारच थोडा सापडला. जे दिसलं ते उलट्या दिशेचं होतं: ऑटिस्टिक मूल मोजक्याच गोष्टी खातं, म्हणून त्याच्या पोटातले जंतूही मोजक्याच जातीचे. म्हणजे ताटामुळे ऑटिझम नाही, ऑटिझममुळे ताट असं. हे वाचलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाही. इतकी वर्षं मी निनादच्या ताटाशी भांडत होते आणि तो बिचारा वास, चव, चिकटपणा, आवाज यांच्याशी.

म्हणून आता सांगते ते कर. ऑटिस्टिक मुलांना जेवणाच्या अडचणी इतरांच्या पाचपट असतात, आणि त्यांना कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडतात. २००८ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ७५ ऑटिस्टिक मुलग्यांच्या हाताच्या हाडांचे एक्स-रे काढले, तर हाडं नेहमीपेक्षा पातळ, आणि ज्यांचं दूध बंद होतं त्यांची आणखी पातळ. फक्त दोन-तीन पदार्थांवर जगणाऱ्या मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा तुझी काळजी चुकीची नाही, फक्त तिचा रोख बदल. ऑटिझम जाईल का हे ताटाला विचारू नकोस, पोषण होतंय का ते विचार.

डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, ड जीवनसत्त्व, बी-१२ याबद्दल विचार. आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे, आणि लोह कमी असलं की झोप बिघडते, चिडचिड वाढते. आपल्याला वाटतं ऑटिझमच वाढला. दूधच दूध पिणाऱ्या मुलात तर लोह सहज घसरू शकतं. शी घट्ट होते का ते सांग. निनाद संध्याकाळी डोकं आपटायचा तेव्हा आम्ही वर्तनाचे तक्ते भरत बसलो होतो, आणि त्याचं पोट पाच दिवस साफ झालेलं नव्हतं. दात दाखव. पोट फुगणं, जुलाब, वजन न वाढणं असेल तर गव्हाच्या सिलिॲक आजाराची रक्ततपासणी कर, पण गहू चालू असतानाच. आधी बंद केलास तर तपासणी फसवते. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं ते केंद्र आहे, आणि २०१३ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला तोही आपल्या पालघरमधूनच.

घरात लेकराचे भरवशाचे पदार्थ कधीही हिरावून घेऊ नकोस. त्यात काही लपवूही नकोस. कुरमुरे आवडतात ना? मग शेजारच्या वाटीत राजगिऱ्याच्या लाह्या ठेव, काही न बोलता. हात लावला तरी पुष्कळ, वास घेतला तरी पुष्कळ. आठ-पंधरा वेळा वाटी तशीच परत येईल. येऊ दे.

एवढं ऐकूनही पथ्य करून बघायचंच असेल, तर मी तुला रागावणार नाही. आहारतज्ज्ञाला बरोबर घे. एका वेळी एकच गोष्ट बंद कर, त्या काळात नवी थेरपी, नवी शाळा काही सुरू करू नकोस. दूध काढलंस तर कॅल्शियमची सोय आधी, नाचणी आहेच आपली. वहीत रोज दोन ओळी लिही. आणि शाळेतल्या बाईंना, थेरपिस्टला सांगूच नकोस. त्यांना आपणहून फरक दिसला तर बघू. तीन महिन्यांत नाही दिसला, तर पोळी परत ताटात.

एका बाबतीत मात्र मी ऐकून घेणार नाही. शरीरातले जड धातू काढतो म्हणणारे, पोटात ब्लीचसारखं पाणी द्या म्हणणारे, लाखो रुपयांत स्टेमसेल देणारे, यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही. धातू काढायच्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा गेला. स्टेमसेलबद्दल आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेच २०२२ मध्ये सांगितलंय की ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही. मंगळसूत्र मोडायची वेळ कुणी आणली तर आधी मला फोन.

निनाद आता सोळा वर्षांचा आहे. नऊ गोष्टी खातो. त्यातली एक ज्वारीची भाकरी, कडक केलेली, कारण ती मोडताना होणारा आवाज त्याला आवडतो. मी ती कधी त्याला देऊ केली नव्हती; माझ्याच ताटातून त्याने उचलली, एका रविवारी.

तू आज पोळ्या कर. रक्ताचे रिपोर्ट आले की मला फोटो पाठव, आणि फोन रात्री नऊनंतर कर, तोवर निनादचा भात झालेला असतो.