‘कारण’ आणि ‘कर्ता’ : गीतारहस्यातील विश्वविचार व त्याचे हिंदी भाषांतर

विश्वाच्या उत्पत्तीस एखादे अलौकिक कारण मानणे अवश्य आहे काय, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञान आणि भौतिकी यांच्या कक्षेतला समजला जातो. परंतु त्याला एक भाषिक बाजूही आहे. ‘सृष्टी’, ‘उत्पत्ती’, ‘रचना’ हे शब्द योजताक्षणीच त्यांच्यामागे एखादा कर्ता गृहीत धरला जातो की काय, हे तपासल्यावाचून या प्रश्नाचा निर्णय करता येत नाही. या दृष्टीने लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ (१९१५) हा ग्रंथ आणि माधवराव सप्रे यांनी केलेले त्याचे हिंदी भाषांतर यांचा विचार उद्बोधक ठरेल.

सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे मराठीभाषक कुटुंबात झाला. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे रायपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली आणि १९२६ साली तेथेच त्यांचे निधन झाले. समर्थांचा ‘दासबोध’ही त्यांनी हिंदीत आणला होता. हे रायपूर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होते. त्याच्या पुरानी बस्ती या जुन्या भागात महामायेचे मंदिर आहे आणि जवळच रामोपासक वैष्णवांचा दूधाधारी मठ आहे. जिच्यातून जग प्रकट होते ती माया आणि जगाचे पालन करणारा प्रभू, अशा दोन प्रतिमा येथे शेजारी शेजारी नांदतात. उपासकाला त्यांत विरोध भासत नाही. शास्त्रकाराला मात्र ‘ज्यातून झाले ते’ आणि ‘ज्याने केले तो’ हे दोन अर्थ वेगळे करावे लागतात.

भारतीय दर्शनांनी हा भेद उपादानकारण व निमित्तकारण या संज्ञांनी केला आहे. घटाचे उपादान माती, निमित्त कुंभार. नैयायिकांचे म्हणणे असे की, जग हे कार्य आहे आणि कार्याला बुद्धिमान कर्ता असतोच. म्हणून ईश्वर सिद्ध होतो. दहाव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या मताची अत्यंत समर्थ मांडणी केली. परंतु त्यापूर्वीच कुमारिल भट्टांनी मूळ गृहीतकावर आक्षेप घेतला होता. जगातील वस्तू उत्पन्न होतात व नाश पावतात, एवढ्यावरून समग्र जग केव्हातरी उत्पन्न झाले, असे सिद्ध होत नाही. वेदाला अपौरुषेय मानणारे मीमांसकच जगाला कर्ता नाही असे म्हणतात, ही गोष्ट आस्तिक-नास्तिक या ढोबळ विभागणीत बसत नाही. सांख्यांचे मत याहून निराळे. त्यांच्या मते त्रिगुणांची साम्यावस्था मोडली की प्रकृतीच क्रमाने परिणत होत जाते. पुरुष हा प्रकृतीच्या पलीकडचा खरा, पण तो साक्षी आहे, कर्ता नव्हे. म्हणजे निसर्गातीत तत्त्व मान्य करूनही त्याला सृष्टीचा कर्ता म्हणायचे नाही, हा पर्याय सांख्यांनी खुला ठेवला.

टिळकांनी सातव्या व आठव्या प्रकरणांत हीच सांख्यप्रक्रिया विस्ताराने मांडली असून, तिच्या गुणोत्कर्षाची तुलना डार्विन व हेकेल यांच्या उत्क्रांतिविचाराशी केली आहे. मात्र हेकेलच्या जडाद्वैतापाशी ते थांबत नाहीत. नवव्या प्रकरणात ते वेदान्ताकडे वळतात आणि प्रकृतीच्याही मुळाशी परब्रह्म आहे असे प्रतिपादितात. तथापि हे परब्रह्म म्हणजे बाहेरून माती आणणारा कुंभार नव्हे. अद्वैतात उपादान व निमित्त अभिन्नच आहेत.

आता भाषांतराकडे पाहू. आठव्या प्रकरणाचे मराठी शीर्षक ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ असे आहे. हिंदीत ते ‘विश्व की रचना और संहार’ असे झाले. ‘उभारणी’ व ‘संहारणी’ ही समर्थांच्या परिभाषेतील जोडी आहे. तत्त्वे ज्या क्रमाने विस्तारतात त्याच्या उलट क्रमाने लीन होतात, हा भाव तीत स्वाभाविकपणे येतो. ‘उभारणे’ हे क्रियापदही सकर्मक आहे, हे खरे; पण या संदर्भात त्याचा झोक व्यापाराकडे आहे, व्यक्तीकडे नाही. ‘रचना’ शब्दामागे मात्र रचणाऱ्याची सावली अधिक गडद पडते. सप्रे दासबोधाचे अनुवादक असल्याने हा भेद त्यांना अपरिचित असणे संभवत नाही. दोष भाषांतरकाराचा नाही. हिंदी वाचकाला सहज कळेल असा शब्द त्यांनी घेतला. परंतु त्या शब्दाबरोबर न्यायमताचा कुंभार सांख्यांच्या प्रकरणात शिरण्यास वाट झाली.

आधुनिक विश्वशास्त्रातही शब्दांनी असाच घोटाळा केला आहे. प्रसरणशील विश्वाची कल्पना १९२७ साली मांडणारे ल मेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही या सिद्धान्तात ईश्वरी निर्मितीचा पुरावा शोधणे त्यांनी अमान्य केले. ज्या शब्दाचा ‘महास्फोट’ हा मराठी पर्याय आहे, तो फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली नभोवाणीवर योजला. आणि ते तर या मताचे विरोधक होते. त्यांच्यासह कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी (१९३८–२०२५) स्थिरस्थिती विश्वाचा पुरस्कार करताना पदार्थाची नवनिर्मितीही एका क्षेत्राच्या गणितात बसवली, म्हणजे निर्मितीलाच नियमाखाली आणले. १९६५ साली वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. तथापि हा सिद्धान्त सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त, अतिघन अवस्थेपासूनचे प्रसरण सांगतो. त्या अवस्थेच्या अगदी आरंभी सापेक्षतेची समीकरणेच लागू पडेनाशी होतात. तेथे ज्ञानाची सीमा आहे. पण सीमा म्हणजे कर्त्याचे अस्तित्व नव्हे.

सारांश, उत्पत्तीला कारण हवे एवढ्यावरून कर्ता हवा असे निष्पन्न होत नाही आणि कर्ता नाकारल्याने निसर्गातीत तत्त्वही आपोआप नाकारले जात नाही. मुळात काहीही का असावे, हा प्रश्न याहून वेगळा आहे. टिळकांनी नवव्या प्रकरणात ज्याचे विवेचन केले आहे, त्या ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा शेवट संशयात होतो. जगाच्या अध्यक्षालाही त्याचे मूळ ठाऊक असेल की नाही, अशी शंका तेथे उपस्थित केली आहे. हा संशय भाषांतरात हरवू न देणे, ही तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे. ‘उभारणी’च्या जागी कोणता शब्द येतो, यावर वाचकापुढे कोणता प्रश्न उभा राहतो हे अवलंबून असते.