परतीचं आधी ठरव

अगं, नेरुळच्या मैदानातल्या कॉन्सर्टला जायचं तुझं पक्कं झालं, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. ताई म्हणून पहिलं एवढंच सांगते, की जा. गाणी मोबाईलवर तू रोजच ऐकतेस. पण पन्नास हजारांच्या आसपास माणसं एकाच वेळी एकच ओळ म्हणू लागली की अंगावर जो काटा येतो, तो घरी बसून येत नाही. परभणीच्या पोरीने तो का अनुभवू नये?

पण तुझा तो लांबलचक मेसेज मी दोनदा वाचला. तिकीट कुठलं काढू, कपडे कोणते घालू, कुठे उभी राहू, मोबाईल आत नेऊ देतात का, सगळं विचारलंस. कार्यक्रम संपल्यावर काय, हे मात्र कुठेच नाही. माझं सांगणं तिथूनच सुरू होतं.

उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही, असा २००० सालापासूनचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. सरकारने खास सवलत दिली नसेल तर मैदानातला कार्यक्रम दहाच्या आसपास आटोपतो. म्हणजे दहा वाजता सगळं मैदान एकदम दारांकडे वळतं. रिक्षा मिळत नाही, मिळाली तर दाम तिप्पट. गाडी बोलवायच्या ॲपवर चाक नुसतं फिरत राहतं. नेरुळ स्टेशनच्या वाटेवर मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं. त्या रात्रीची देवगिरी एक्सप्रेस तुला मिळायचीच नाही, तो विचारही मनात आणू नकोस. मुक्काम करायचाच, आणि तो ऐरोलीला मामांकडे. नेरुळहून ठाण्याकडे जाणारी लोकल थेट ऐरोलीला उतरवते, गाडी बदलायची भानगड नाही. शेवटची लोकल किती वाजता, हे आदल्या दिवशी बघून कागदावर लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याहून नांदेडची वंदे भारत धर, रात्री परभणीत असशील. ती रोज नसते, वार बघून घे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, ते उघडलं की लगेच परतीच्या गाडीचं तिकीट काढून ठेव. जाताना आदल्या रात्रीची देवगिरी घे, सकाळी ठाण्याला उतर, मामींच्या हातचं जेव आणि दुपारी तास-दोन तास झोप काढ. थेट गाडीतून उतरून रांगेत उभी राहिलीस तर पहिल्या गाण्यालाच पाय बोलायला लागतील.

आता आईचं. तिला अजून सांगितलं नाहीस ना? चोरून जाऊ नकोस गं. ‘मैत्रिणीच्या लग्नाला चालले’ म्हणून निघालीस तर तिथे काही अडलं तेव्हा फोन कुणाला करशील? आईचं गाण्याशी वैर नाही. परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वालीसाठी रात्री थांबलेली बाई आहे ती. तिला भीती आहे ती अनोळखी गावातल्या रात्रीची. तेव्हा तिच्यापुढे हट्ट ठेवू नकोस, बेत ठेव. कुठली गाडी, कुठला डबा, कोण सोबत, मामांचं घर, किती वाजता फोन. एवढं सगळं एका दमात सांगितलंस की निम्मा विरोध तिथेच विरघळतो.

तरीही ‘मैदानात पोरींचं काय काम’ असं घरात कुणी म्हणालंच, तर त्यांना त्याच मैदानाची गोष्ट सांग. नेरुळचं हे डी. वाय. पाटील स्टेडियम तसं तरुण आहे, २००८ सालचं. आयपीएलची पहिली फायनल तिथेच झाली. खेळाच्या मैदानात गाणं, हेही काही नवं नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांची, ट्रकवाल्यांची, गावाकडची गाणी गाणारे कंट्री गायक बेसबॉलच्या जुन्या मैदानांवर कार्यक्रम करतात. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ चं. शंभरी ओलांडलेल्या भिंतींमध्ये गाणं ऐकायला माणसं लांबून येतात. आपल्या मैदानाचं वय तेवढं नाही, पण इतिहास त्याने कमावलाय. ३० ऑक्टोबर २०२५ ला तिथे जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला सेमीफायनलमध्ये घरी पाठवलं. ही पोरगी गिटारही वाजवते, बरं का. आणि २ नोव्हेंबरला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक उचलला. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना त्या संघात होती. ज्या गवतावर हे घडलं, त्याच्याभोवती बसून तू गाणं ऐकणार आहेस. मला तर हे सांगतानाच भरून येतं.

तिकिटाचं थोडक्यात सांगते. कोल्डप्लेचे कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ ला याच मैदानात झाले. त्यांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला विक्रीला आली, बघता बघता संपली, आणि काही हजारांचं तिकीट काळ्या बाजारात लाखांत मागू लागले. तेव्हा अधिकृत विक्रीतून मिळालं तर घे. व्हॉट्सॲपवर कुणी पीडीएफ पाठवून ‘ताई, एकच उरलंय’ म्हणालं तर एक रुपयाही देऊ नकोस. तीच पीडीएफ दहा जणींना विकलेली असते आणि गेटवर स्कॅन झाली की पहिली आत जाते, बाकीच्या बाहेर रडत उभ्या राहतात.

बसायचं कुठे? पहिलीच वेळ आहे, तर खाली मैदानात उभं राहायचं तिकीट घेऊ नकोस. तिथे गायक जवळ दिसतो हे खरं, पण तुझ्यापुढे सहा फुटी माणूस आला की दिसते त्याची पाठ. वर बाजूच्या गॅलरीत खुर्ची घे. त्या स्टेडियमच्या छताला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे नजर अडत नाही. फार मागे, स्टेजच्या अगदी समोरच्या टोकाला मात्र नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १७० मीटरवर बसलीस तर तिथून निघालेला सूर तुझ्यापर्यंत अर्ध्या सेकंदाने पोचणार. मध्ये जादा स्पीकरचे मनोरे उभारून ते सांभाळून घेतात, तरी पडद्यावरचे ओठ आणि कानातलं गाणं यांची चुकामूक कधीकधी जाणवतेच.

स्पीकरच्या भिंतीजवळची जागा फुकट मिळाली तरी सोड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सांगितली ती सरासरी १०० डेसिबलची, आणि तीसुद्धा कमी नव्हे. मेडिकलमध्ये कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, स्वस्त असतात. ते घातल्याने गाणं बुडत नाही, फक्त त्याची धार कमी होते. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजत राहिली तर कान दमलाय असं समज. दुसऱ्या दिवशीही राहिली तर डॉक्टरकडे जा.

गर्दीचं मात्र नीट ऐक, यात मला हयगय चालणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ गेली, तीही क्रिकेट संघाच्या विजयाच्या आनंदात आलेली. अशा गर्दीत माणसं पायाखाली येऊनच मरतात असं नाही. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुगायलाच जागा उरत नाही, आणि उभ्या उभ्या श्वास कोंडतो. म्हणून आजूबाजूच्यांचे खांदे दोन्हीकडून लागायला लागले की तेव्हाच निघ, पुढच्या गाण्याची वाट बघू नकोस. दाब आलाच तर हात खाली लोंबकळू देऊ नकोस, कोपरं वाकवून छातीसमोर धर, म्हणजे फासळ्यांपुढे चार बोटं तरी जागा राहते. लोंढ्याच्या विरुद्ध ढकलू नकोस. धक्का ओसरला की तिरकं तिरकं कडेला सरक. चप्पल सुटली, मोबाईल पडला, तर वाकायचं नाही. जाऊ दे तो मोबाईल. ओढणी नकोच, आणि पायात पट्ट्याचे बूट. आत शिरल्याबरोबर ज्या दाराने आलीस ते सोडून दुसरं दार कुठे आहे ते बघून ठेव. शेवटचं गाणं सुरू झालं की सगळे घाई करतात. तू उलट वीस-पंचवीस मिनिटं खुर्चीतच बसून राहा, लोंढा जाऊ दे. लोकलच्या वेळेत एवढी सवड धरूनच ठेव.

एवढ्या माणसांचे फोन एका जागी आले की नेटवर्क बसतं. मैत्रिणी चुकल्या तर कुठे भेटायचं, ते आधीच ठरवा, ‘गेटपाशी’ असं मोघम नको, अमुक नंबरचं गेट, अमुक खांब. मामांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, बॅटरी संपली की कळतं, आपल्याला एकही नंबर पाठ नाही. ऑनलाइन तिकिटाचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेव, आयोजकांना तो चालत असेल तर. पॉवर बँक, पाण्याची बाटली, मोठी पिशवी बऱ्याच ठिकाणी गेटवरच काढून घेतात, तेव्हा तिकिटासोबतचे नियम वाच. पाळीची तारीख जवळ असेल तर दोन पॅड जास्तीचे घे. बाथरूमची रांग लांब असते म्हणून पाणीच न पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात, तसं करू नकोस, चक्कर येते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी एकदा जाऊन ये.

परत आल्यावर कुणीतरी म्हणेलच, गाण्यासाठी एवढ्या लांब जायचं कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? कमी नाहीच. परभणीच्या राजाराम कदम यांचा गोंधळ महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. जिच्या ओव्या जात्यावर बसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या ती जनाबाई आपल्या गंगाखेडची. संबळ घुमायला लागला की रात्र कशी जाते ते तुला माहीतच आहे. अशा घरातली पोरगी मोठ्या मैदानात गाणं ऐकायला गेली, तर ती आपलं सोडून गेली असं होत नाही. ऐकायची गोडी तुला इथूनच लागली.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की आईशी बोल. बाबा समोर असतानाच बोल, म्हणजे परत सांगायला नको. तिचं उत्तर काहीही असलं तरी मला लगेच कळव. मामांना फोन मी करते.