न लागण्यासाठी लावायचा रंग

प्लॅस्टिकचं स्केल मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा जोडताना नाही, रंगवताना. आणि रंगवतानाही अगदी शेवटच्या अर्ध्या तासात. तीन आठवडे रात्री जागून पंख जोडले, फटी भरल्या, पॉलिश पेपर मारला, रंगाचे थर दिले. मग झाकलेला भाग उघडायला गेलो की मास्कबरोबर खालचा रंगही पापुद्र्यासारखा हातात येतो. नाहीतर कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, धुरकट होऊन बसते. बाकीचे पार्ट एक वेळ दुरुस्त करता येतात. कॅनोपी बहुतेक किटमध्ये एकच येते, आणि एका कॅनोपीसाठी दुसरं किट मागवायला मेसचं बिल थकवावं लागतं.

या बहुतेक अपघातांचं मूळ एकच. लिक्विड मास्क ब्रशने लावतात, रंगासारखा बाटलीत मिळतो, म्हणून आपण त्याला रंगासारखंच वागवतो. पण तो रंग नाही, रबर आहे. एवढं डोक्यात पक्कं बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत, डिराइव्ह करता येतात.

मास्किंग म्हणजे जिथे रंग नको तो भाग तात्पुरता झाकणं. सरळ रेषेसाठी टेपसारखं दुसरं काही नाही. पण गोलाई, खाचखळगे, वेडीवाकडी कॅमोफ्लाजची कड, चाकाचा मधला भाग अशा ठिकाणी टेप बसत नाही. तिथे लिक्विड मास्क कामाला येतो. हंब्रॉलचा जांभळा मास्कॉल, मायक्रोस्केलचा मायक्रो मास्क, व्हॅलेहोचा लिक्विड मास्क, जपानचा मिस्टर मास्किंग सोल ही यातली माहितीची नावं. सगळ्यांची रेसिपी सारखी नसते. काही रबराच्या चिकाचे असतात आणि त्यात अमोनिया असतो, काही बिनअमोनियाचे. बाटली उघडताच केमिस्ट्री लॅबची आठवण झाली तर पहिला प्रकार समजा. वॉटरकलरवाले वापरतात ते मास्किंग फ्लुइडही बहुधा याच कुळातलं. पुढचं सगळं मुख्यतः या चिकाबद्दल आहे.

रबराच्या झाडाचा चीक केरळात काढतात तसा आता आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूलाही काढतात. ताज्या चिकात साधारण ३० ते ४० टक्के रबर असतं, बाकी बहुतेक पाणी. रबराचे हे कण मायक्रॉनच्या आसपासचे. त्यांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि दुधासारखे तरंगत राहतात. चीक नुसता ठेवला तर बॅक्टेरिया त्यात आम्ल तयार करतात, भार नाहीसा होतो आणि चीक नासलेल्या दुधासारखा फुटतो. शीट बनवणारे शेतकरी मुद्दाम फॉर्मिक ॲसिड घालून हेच करतात. उलट ज्याला चीक पातळच हवा आहे तो अमोनिया घालतो. अमोनिया अल्कली आहे. बॅक्टेरिया मारतो आणि भारही टिकवतो.

आता हेच बाटलीला लावून बघा. झाकण उघडं राहिलं की पाण्याबरोबर अमोनियाही उडतो आणि महिनाभरात आत रबराचा गोळा सापडतो. म्हणून ब्रश बाटलीत बुडवायचाच नाही. लागेल तेवढं एका जुन्या झाकणात ओतून घ्यायचं आणि बाटली लगेच बंद करायची. कफ सिरपसारखी बाटली हलवायचीही नाही. जोरात ढवळल्याने कण एकमेकांवर आपटून गुठळ्या होतात, शिवाय फेस होतो. फेसाचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे मास्कमधलं एक भोक, आणि प्रत्येक भोकातून खाली रंगाचा एक ठिपका. काडीने सावकाश ढवळा, बस.

मास्क वाळतो म्हणजे काय होतं? पाणी उडतं, कण एकमेकांना चिकटतात आणि एका कणातल्या साखळ्या दुसऱ्यात घुसतात. नॅचरल रबरचं ग्लास ट्रान्झिशन उणे ७० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्या खोलीच्या तापमानाला हे आपोआप घडतं, भट्टी लागत नाही. दुधाळपणा जाऊन थर नितळ झाला की समजा पाणी गेलं. पावसाळ्यात होस्टेलच्या खोलीत याला भरपूर वेळ लागतो. घाई करून हेअर ड्रायर मारलात तर वर साय धरते आणि खाली ओलं राहतं. उघडताना ते ओलं रबर कडेला लोंबतं.

ब्रशमध्येही नेमकं हेच होतं, फक्त तिथे साखळ्या केसांना गुंडाळून बसतात आणि ब्रश कायमचा जातो. चांगला सेबल ब्रश यासाठी वापरणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. जुना सिंथेटिक ब्रश घ्या, ओला करून अंघोळीच्या साबणावर फिरवा, बोटांनी निथळा आणि मगच मास्कमध्ये बुडवा. दर दोन-चार मिनिटांनी परत साबणाच्या पाण्यात. बारीक जागी तर टूथपिकच बरी.

अमोनिया मात्र फुकट काम करत नाही. बऱ्याच ॲक्रिलिक रंगांना आणि क्लिअर कोटना तो मऊ करतो. जुना ॲक्रिलिक रंग काढायला लोक अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड वापरतात ते उगाच नाही. म्हणून ॲक्रिलिकवर मास्क लावण्याआधी किमान एक दिवस जाऊ द्या. इनॅमल असेल तर आणखी काही दिवस. आणि पहिली चाचणी मॉडेलवर नको, स्प्रूवर घ्या. स्प्रू म्हणजे पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती चौकट. ती फेकून देऊ नका, तोच आपला टेस्ट स्पेसिमेन. कॅनोपीला चमक यावी म्हणून ॲक्रिलिक क्लिअरमध्ये बुडवली असेल तर जास्तच सांभाळा, धुरकटपणा तिथूनच येतो.

काही किटमध्ये पितळेचे एचिंग केलेले बारीक पार्ट येतात. तेही या मास्कपासून लांब ठेवा. यामागे मेटलर्जीतली एक नामी गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावल्या की काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात साठवत. पावसाळा संपल्यावर पाहावं तर पितळी काडतुसांना तडे! ऋतूशी संबंध दिसला म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि कोल्ड ड्रॉइंगमुळे पितळात उरलेला ताण, दोन्ही एकत्र आले की तडा. तासाभराच्या मास्कने आपला पार्ट फुटणार नाही, पण डागाळू शकतो. शिवाय तांब्याने रबरही लवकर सडतं. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

आता उघडण्याकडे वळू, कारण परीक्षा तिथेच आहे. खरी स्पर्धा दोन चिकटपणांमध्ये असते, मास्क-रंग आणि रंग-प्लॅस्टिक. दुसरा जिंकलाच पाहिजे. त्यासाठी रंगवण्याआधी पार्ट साबणाच्या पाण्याने धुवा, साच्याचं तेल जातं. वर प्रायमर द्या. मास्क खडबडीत मॅट रंगावर जास्त धरतो, कारण रबर हळूहळू त्या खाचांमध्ये शिरतं. म्हणून मास्कच्या खाली ग्लॉस थर असावा. आणि हे शिरणं थांबत नाही. आज लावलेला मास्क उद्या निघतो, सबमिशन संपल्यावर काढू म्हणून ठेवलेला महिन्याने निघत नाही.

थर किती जाड हवा? चिकटपणा जाडीवर फारसा अवलंबून नाही, रबराची ताकद मात्र जाडीवरच अवलंबून आहे. त्यामुळे पातळ थर निघण्याऐवजी फाटतो आणि तुकड्या-तुकड्याने खरवडत बसावं लागतं. दोन थर द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. ओढायचं कसं हेही गणितच आहे. रिव्हलिन यांनी १९४४ मध्ये मांडलेलं सोपं समीकरण असं: प्रति रुंदी लागणारं बल बरोबर चिकटण्याची ऊर्जा भागिले (१ वजा कॉस थीटा). सरळ वर, ९० अंशांत ओढलं तर छेद १. पट्टी मागे दुमडून १८० अंशांत ओढली तर छेद २, म्हणजे बल निम्मं. रबर ताणलं जातं, त्यामुळे आकडा तंतोतंत येणार नाही, पण दिशा बरोबर आहे. वर नको, मागे ओढा. आणि सावकाश, कारण वेग वाढला की रबराचा विरोधही वाढतो.

उदाहरण म्हणून १/७२ स्केलचं स्पिटफायर घेऊ. कॅनोपीवर काचांच्या मधल्या पट्ट्या किंचित उठावदार असतात. पूर्ण कॅनोपीवर मास्क लावून, वाळल्यावर नव्या ब्लेडने पट्टीच्या कडेने कापून, पट्टीवरचा भाग काढायचा, ही पुस्तकी पद्धत. ती चालते, पण पृष्ठताणामुळे द्रव उठावदार कडेवरून मागे सरकतो आणि जिथे मास्क जाड हवा नेमका तिथेच पातळ राहतो. शिवाय ब्लेड पारदर्शक प्लॅस्टिकवर घसरलं की ओरखडा. मला विचाराल तर काचेच्या कडेने टेपच्या बारीक पट्ट्या आणि मधली जागा लिक्विडने भरलेली, ही जोडी सगळ्यात भरवशाची. आधी कॉकपिटच्या आतला रंग मारा, मग बाहेरचा. आतून बघितलं की पट्टी खऱ्यासारखी दिसते.

लिक्विड मास्क एकटाच राजा आहे तो रंग उडालेला दाखवण्यात. आधी चंदेरी थर, तो नीट वाळला की फाटक्या स्पंजने मास्कचे ठिपके, वर कॅमोफ्लाज, मग बोटाने घासून ठिपके काढायचे. खालचं ॲल्युमिनियम उघडं पडतं. इथे स्केलचा हिशेब करा: १/७२ मध्ये १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटरचं टक्कल! स्पंज जवळजवळ कोरडा हवा. ठिपके कुठे, हेही विमानाला विचारा. स्पिटफायरच्या कॉकपिटचं दार डाव्या बाजूला आहे, पायलट चढायचा तो डाव्या पंखाच्या मुळावरून. म्हणून झीज तिथे जास्त. उजवी-डावी सारखी घासलेली मॉडेलं जाणकाराला लगेच खटकतात.

पर्याय म्हणून सायकल पंक्चरचं सोल्यूशन कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रबर तेही आहे, पण पाण्यात नाही, सॉल्व्हंटमध्ये, आणि तो सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खाऊ शकतो. छोट्या खिडक्यांसाठी फेव्हिकॉल चालतो. नंतर ओल्या कापसाने भिजवून काढायचा. मोठ्या कामाला नाही. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी बिनअमोनियाचा सिंथेटिक प्रकार बघावा, आणि तोही लेबल वाचून. खिडकी उघडी ठेवा, रूममेटचाही विचार करा.

वरचा रंग हाताला लागेनासा झाला की लगेच मास्क काढा. पूर्ण कडक झाल्यावर रंगाचा पापुद्रा मास्कवरून मॉडेलवर सलग जातो आणि कड दातेरी फाटते. तसं झालंच तर आधी कडेवरून ब्लेड हलकेच फिरवा, मग कोपरा उचला. निघालेलं रबर टाकू नका, गोळा करून ठेवा. खाचेत राहिलेल्या बारीक तुकड्यांवर तो गोळा दाबून उचलला की ते त्यालाच चिकटून येतात, चिमट्याची गरजही पडत नाही.