मंद इंटरनेट : दोष कोठे शोधावा?

परीक्षेचा अर्ज भरण्याची अखेरची रात्र. कुरकुंभच्या आमच्या घरी संगणकावर पान काही उघडेना. मी नेहमीप्रमाणे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दोष देऊन मोकळा झालो. वास्तविक दोष बाहेरच्या तारेत आहे की घरातच, हे आधी ठरवावयास हवे होते.

कसोटी सोपी आहे. राउटरपासून संगणकापर्यंत थेट केबल जोडावी, घरातील इतर मोबाईलांचे वायफाय बंद करावे आणि वेग मोजावा. येथे एक घोटाळा हमखास होतो. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाईल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट उतरणार. हे न कळल्याने मी कितीदा उगाच भांडलो असेन!

केबलवरही वेग अपुरा पडला, तर तो आकडा सांगून तक्रार नोंदवावी. पुरा मिळाला, तर दोष वायफायचा. माझा राउटर लोखंडी कपाटामागे होता आणि धातू रेडिओलहरी अडवितो. जाड भिंतीही त्या क्षीण करतात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी २.४ च्या मानाने अधिक. राउटर उघड्या फळीवर ठेवला. साडेअकराला अर्ज गेला.