वीज गेली तेव्हा

चैत्र सरत आला की नागपुरात घरोघरी गच्चीवर आणि खिडक्यांखाली गतवर्षीचे कूलर पुन्हा उभे राहू लागतात, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, आणि त्याच सुमारास आमच्यासारख्या लोखंडी काम करणाऱ्यांच्या हातातील ग्राइंडरला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उसंत म्हणून मिळत नाही. गंजलेले पाय कापणे, अँगलचे नवे स्टँड बांधणे, वेल्डिंगचा उंचवटा घासून सपाट करणे, ही सारी कामे मी तीस वर्षे त्याच एका यंत्रावर केली. त्या तीस वर्षांच्या सवयीनेच माझ्या डाव्या हाताचा घात केला, हे आरंभीच नमूद करतो; कारण इजा नवशिक्यालाच होते हा जो समज आमच्या धंद्यात रूढ आहे, तो मला अत्यंत घातक वाटतो.

मे महिन्यातली दुपार होती. एका परिचिताच्या गच्चीवर स्टँडचे काम चालू असताना, अँगल निम्मा कापून झाला आणि वीज गेली. चकती मंदावत मंदावत थांबली. मी यंत्र खाली ठेवले, पाणी प्यालो, आणि वीज येईतो झिजलेली चकती बदलून घ्यावी असे मनात आणले. आमच्याकडे ज्याला सरसकट ‘एजी फोर’ म्हणतात त्या चार इंची यंत्राचा खटका पुढे सरकवून दाबला की तिथेच अडकून राहतो. दीर्घकाळ घासताना बोट अवघडू नये म्हणून केलेली ही सोय आहे. वीज गेली त्या क्षणी तो अडकलेलाच होता, आणि यंत्र निःशब्द पडले असल्यामुळे ते चालू आहे ही गोष्ट माझ्या ध्यानातच राहिली नाही. यंत्र गुडघ्याशी उताणे टेकवून, डाव्या पंज्यात चकती धरून, उजव्या हाताने मी पिशवीत दोन दातांचा पाना चाचपत होतो. तेवढ्यात जिन्यातून मदतनीस मुलगा ओरडला, “काका, लाईन आली!” त्याचे शब्द पुरे होण्याच्या आतच चकती माझ्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या बेचक्यातून आरपार गेली होती. हातातून सुटलेले यंत्र तापल्या स्लॅबवर उड्या घेत स्वतःच्याच वायरीभोवती फिरत राहिले, आणि मुलाने खालच्या मजल्यावर धावत जाऊन पिन ओढली तेव्हा कुठे ते शांत झाले. मेडिकलमध्ये टाके पडले, जखम भरली. परंतु अंगठ्याची शीर पूर्ववत जुळली नाही, आणि सदऱ्याचे बटण आजही मला एका हाताने लावता येत नाही.

खालच्या मजल्यावर धावत जावे लागले, यातच माझा खरा कसूर आहे. गच्चीवर बोर्ड नसतो, वायर जिन्यातून खाली सोडलेली असते, आणि प्रत्येक चकतीमागे दोन जिने उतरण्याचा कंटाळा करून आपण केवळ खटक्यावर भिस्त ठेवतो. म्हणून माझी पहिली ताकीद अशी, की आपल्या हाताच्या अंतरावर, आपल्या नजरेसमोर एक जोडबोर्ड असल्याखेरीज काम सुरू करूच नये. वीज गेली की प्रथम खटका मागे घ्यावा, मग पिन काढावी, आणि चकतीला हात लावण्यापूर्वी ती काढलेली पिन यंत्राशेजारी डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी. खटका सोडताच बंद पडणारी, किंवा वीज परतल्यावर खटका पुन्हा दाबल्यावाचून सुरूच न होणारी यंत्रे आता मिळतात. नवे घेताना हा एक तपशील दुकानदाराला अवश्य विचारावा.

चार इंची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक भरतो. बहुतेक चकत्यांवर सेकंदाला ८० मीटर ही कमाल मर्यादा छापलेली असते. मोठी चकती लहान यंत्रावर चढवली तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. शिवाय ती गार्डमध्ये मावत नसल्यामुळे गार्डही उतरवावा लागतो, आणि मग ती फुटल्यास तुकडे अडविणारे काहीच उरत नाही. कापायच्या पातळ चकतीच्या कुशीने घासणे हा आमच्या लोकांचा दुसरा प्रमाद. ती केवळ कडेने कापण्याकरिता घडविलेली असते, आडवा दाब तिला सोसत नाही. तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख कोरलेली असते, तीही पाहावी. ओल खाल्लेली जुनी चकती दिसायला धडधाकट आणि आतून कमकुवत असते. नवी चकती चढवल्यावर मिनिटभर रिकामी फिरवावी, आणि त्या वेळी तिच्या फिरण्याच्या रेषेत कोणासही उभे राहू देऊ नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारांच्या डोळ्यांच्या रक्षणाकरिता ३५ वे कलम लिहिले गेले. परंतु गच्चीवर एकट्यानेच काम करणाऱ्याचा मुलाहिजा करायला कोणताही निरीक्षक येत नाही, सबब चष्म्याची तजवीज ज्याची त्यानेच केली पाहिजे. वाचायच्या चष्म्याला बाजूंनी आडोसा नसतो, तो येथे उपयोगाचा नाही. उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा तर नागपूरकराच्या अंगाचाच भाग होऊन बसलेला आहे. त्याचे सुटे टोक वाकताना चकतीकडे लोंबते, म्हणून यंत्र उचलण्यापूर्वी ते सदऱ्याच्या आत घट्ट खोचावे.

राहिल्या ठिणग्या. त्या सात-आठ हात सहज जातात, आणि आमच्या कामाच्या जागी बहुधा वाळ्याच्या कोरड्या ताट्या रचून ठेवलेल्या असतात. त्या आधी दूर न्याव्यात, नेता येत नसतील तर भिजवाव्यात. वाळा ताबडतोब पेट घेईलच असे नाही, पुष्कळदा तो आतल्या आत धुमसत राहतो; म्हणून काम आटोपल्यावर मी हल्ली पाण्याची बादली जवळ घेऊन अर्धा तास तिथेच सावलीला बसतो, आणि मगच वायर गुंडाळतो.